दुसरी जाळी

३ तारीख
प्रयोगशाळेतल्या माझ्या खुर्चीविरुद्ध मी येथे विधिवत निषेध नोंदवतो. चाके चार, आणि चौघांची तोंडे चार दिशांना! बाकी नवी नोकरी झकास. काम पत्रव्यवहाराचे. इथल्या प्रमुख मोठ्या बाई म्हणाल्या, शास्त्र आम्ही बघू, तुम्ही फक्त लोकांना कळेल असं लिहा. संस्कृत शिकवून केस पिकवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा धाडसाचीच.

४ तारीख
यंत्र पाहिले. सुईतून द्रव सुटतो, विजेच्या ओढीने केसाहून शेकडो पट बारीक तंतू होतो आणि कोळिष्टकासारखी जाळी साचते. तंतूंत जनुके भरलेली. जाळी जखमेवर ठेवली की पेशी ती जनुके पोटात घेतात आणि नवी कातडी धरू लागते. लेकीच्या भाजलेल्या हाताबद्दल विचारले. बाई म्हणाल्या, माणसांवर अजून परवानगी नाही हो. कपाटाला मात्र कुलूप नव्हते.

६ तारीख
एक जाळी खिशातून घरी आणली. लेक म्हणाली, बाबा, जन्मभर नीतिश्लोक पाठ करून घेतलेत आणि आता चोरी? मग हळूच हात पुढे केला. संध्याकाळपर्यंत गुलाबी साय धरली. पुष्कळ दिवसांनी दोघे हसलो.

१० तारीख
तिची बोटे एकमेकांना चिकटली. सर्जनने सोडवली, दुपारी पुन्हा जुळली. बाईंकडे कबुली दिली. रागावल्या नाहीत. पहिली जाळी पेशींना वाढायला सांगते, म्हणाल्या. चौथ्या दिवशी दुसरी लावायची, ती थांबायला सांगते. मी पाया पडून दुसरी मागितली. म्हणाल्या, आहे की, एकच. पण इतक्यात थांबवलं तर पुढचं कसं कळणार? कपाट मुद्दामच उघडे होते. चोर तक्रार करत नाही, हेही त्यांनीच गोड शब्दांत समजावले.

१२ तारीख
वाढ कोपरापर्यंत चढली. नखे कातडीत बुडाली. ती किंचाळत होती, म्हणून मी तिचा हात घट्ट धरला —

१३ तारीख
डाव्या हाताने लिहितोय. उजवा तिच्या हातापासून सुटत नाही. माझ्या बोटाला चिमटा काढला तर कळवळते ती.

१४ तारीख
बाई आल्या. दुसरी जाळी आणली. एकालाच पुरेल. ज्याला लावू तो सुटेल, दुसऱ्यात वाढ चालूच राहील. कुणाला, ते लिहून द्या म्हणाल्या.
मी लगेच ‘लेकीला’ लिहिले नाही. पेन थांबले. तिच्या तळव्याला ते कळले. ती आता माझ्याकडे बघत नाही.
कागद अजून कोराच आहे. हाताची भीती नाही वाटत. मला माझी भीती वाटते, कारण मी ‘मला’ असे लिहीन —