बर्फात ठेवलेली डिस्क

सोमवार, ६ जानेवारी २०२५

मूर्ख! एकेक नग पाठवतो देव माझ्याकडे!

सकाळी शटर वर गेलं आणि पहिलंच गिऱ्हाईक — मुलुंडचा सीए. डिस्क मेली. "पण बॅकअप आहे ना मॅडम!" कुठे? त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव 'सेफ'. असल्या माणसाच्या हाती लोक आपले हिशेब देतात. वर विचारतो, "सर कधी भेटतील?" म्हटलं, सर नाहीत. सर कधी नव्हतेच. सतरा वर्षं बोरीवलीत हा गाळा माझा आहे, बंद पडलेल्या डिस्का मी उघडते, आतलं मी काढते. तरी यांना सर हवेत. काउंटरवर बसून फॉर्म भरणारा अनंत — साठीचा, चष्मा नाकावर घसरलेला — त्यालाच सगळे सर म्हणतात. आणि तो लाजतो!

दुपारी मात्र कळस झाला. एक कोळीण आली. सरूबाई. पासष्टीची असेल, हातात थर्माकोलचं खोकं. बरोबर लहू नावाचा व्हिडिओवाला. मालाडच्या खाडीकडे यांचा कोळीवाडा, तिथली लग्नकार्यं हाच शूट करतो. सरूबाईने खोक्याचं झाकण काढलं. आत बर्फ. आणि बर्फात हार्ड डिस्क!

मला आधी वाटलं, मासे विकायला आली.

लहूच्या हातून डिस्क माळ्यावरून पडली, टकटक आवाज करायला लागली. कोणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं, थंडीत ठेवली की चालू होते. म्हणून हिने दोन दिवस बर्फात ठेवली. सुरमईच्या शेजारी! "बर्फान ठेवलं का काय बी टिकतं, बाय," म्हणाली. मी म्हटलं, "मासळी टिकते. ही मासळी नाही." लहू खाली बघत होता. बाई नव्हती बघत.

हवंय काय, तर गावातल्या हळदीचे व्हिडिओ. बोंबील सुकवायची त्यांची जागा आहे, खळं म्हणतात. ती नकाशात मोकळी पडीक दाखवली आहे आणि कोणाला तरी तिथे इमारत उठवायची आहे. २१ तारखेला सुनावणी. कागद एकही नाही. पण प्रत्येक घरची हळद त्या खळ्यातच नाचतात आणि लहूने २००६ पासून सगळं शूट केलंय — मागे बोंबलांच्या रांगा दिसतात. तेवढाच पुरावा. मोबाइलमधले फोटो आहेत, पण ते अलीकडचे. लोकांना दिलेल्या सीड्या? त्यात या कलावंताने मागचं सगळं पुसून फुलं आणि बदाम टाकलेत! आणि मूळ शूटिंग एकाच डिस्कवर. एकोणीस वर्षांचं. एकाच!

जाताना बाई म्हणाली, "हलद पयली बघ गो." अनंतने फॉर्मवर लिहून घेतलं.

मंगळवार, ७ जानेवारी

गाळ्यात अजून सुरमईचा वास. अनंतने दोन उदबत्त्या लावल्या. आता सुरमई आणि मोगरा.

बुधवार, ८ जानेवारी

डिस्क उघडली. हेड वाकलेत. हेड म्हणजे तबकडीवरून फिरत वाचणारी बारीक टोकं — हे मी दिवसातून चारदा लोकांना सांगते आणि चारही वेळा ते विचारतात, "म्हणजे फॉरमॅट मारावा लागेल का?" हो, तुम्हालाच.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आत पाण्याचा थेंब नाही. बाईने एकावर एक पिशव्या घालून अशा बांधल्या होत्या की बर्फाने काहीही बिघडलेलं नाही. पडली म्हणून मेली, बस. तरी बर्फात ठेवणं ते बर्फात ठेवणंच. अक्कल नाही ती नाहीच.

आता हेच मॉडेल, हीच बॅच शोधायची. त्या चांगल्या डिस्कचे हेड काढून हिला बसवायचे.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळी दहाला फोन. लहूच्या फोनवरून सरूबाई. "हलद पयली बघ हां."

दुपारी घाटकोपरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. सभेचे ठराव गेले. डिस्क स्वतःच स्क्रू काढून उघडली आणि तबकडी रुमालाने पुसली. रुमालाने! "स्वच्छ केली मॅडम." परत पाठवला. म्हटलं, आता यात चेहरा बघा.

शनिवार, ११ जानेवारी

जोड मिळाला. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात, ढिगाऱ्यात. दुकानदाराला कळेना मी डिस्कवरचे आकडे भिंगातून का बघते आहे.

दहाला फोन. "हलद—" मी म्हटलं, "कळलं हो." शंभर टोपल्या विकल्या असतील हिने, डिस्क किती उघडल्या? मला शिकवते!

सोमवार, १३ जानेवारी

हेड बदलले. पहिल्याच झटक्यात डिस्क फिरली, यादी आली. हात अजून शाबूत आहेत माझे! या उपनगरात हे काम इतकं स्वच्छ करणारं दुसरं कोणी असेल तर त्याने समोर यावं.

लहूने एक काम बरं केलंय. प्रत्येक जोडप्याची दोन फोल्डरं, तारखेसकट. 'जान्हवी-आकाश हळद', 'जान्हवी-आकाश लग्न'. 'दीप्ती-श्रेयस हळद', 'दीप्ती-श्रेयस लग्न'. अशी शे-सव्वाशे जोडपी.

उसने हेड किती टिकतील ते कोणी सांगू शकत नाही. दोन दिवस, नाहीतर दोन तास. म्हणून आधी काय काढायचं तेच महत्त्वाचं. फॉर्मवर अनंतच्या अक्षरात — 'प्रथम: हळद'. मी ते खोडलं. वर 'लग्न' लिहिलं.

काय असतं हळदीला? पिवळी झालेली, प्यायलेली माणसं, बेंजो, अंगावर पाणी. हे सुनावणीच्या साहेबापुढे ठेवणार? साहेब हसून हाकलून देईल. लग्नात मांडव असतो, देवब्राह्मण, वडीलधारी, नीट कपड्यातली माणसं. मांडवही त्याच खळ्यात असणार, दुसरी जागा आहे कुठे यांना? त्यांना कळत नाही त्यांच्या भल्याचं काय. मला कळतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. लग्नं उतरतायत, सत्तर टक्के झाली. डिस्क शहाण्यासारखी चालली आहे.

अनंतने तिळगूळ हातावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, त्या बाईंनी हळद सांगितलं होतं. फॉर्मवर होतं तसं."

"अनंत, डिस्क तुम्ही वाचताय की मी?"

गेला आपल्या जागेवर. गोड बोला म्हणे!

बुधवार, १५ जानेवारी

गेली.

सकाळी अकराला शेवटचं लग्न उतरलं. हळदीचं पहिलं फोल्डर लावलं, आणि खर्रर्र. मी वीज तोडेपर्यंत तबकडीवर गोल चरा पडला होता. आता कोणीही, कुठेही, काहीही करू शकत नाही.

मग उतरलेली लग्नं बघायला बसले. पहिलं — हॉल. दुसरं — हॉल. बोरीवलीतले हॉल, दहिसरचे हॉल, खुर्च्यांना सॅटिनच्या गाठी, मागे प्लॅस्टिकची फुलं. तारखा बघत बघत २००६ पर्यंत मागे गेले. हॉल! यांची लग्नं वीस वर्षं हॉलमध्येच लागतात. खळ्यात होते ती फक्त हळद. एकाही लग्नात बोंबील नाही, खाडी नाही, काही नाही. एकशे अठरा लग्नं आणि त्या जागेचा एक तुकडा दिसत नाही.

बाईला हे माहीत होतं. म्हणून रोज दहाला फोन.

गुरुवार, १६ जानेवारी

दोघं आली. मी अहवाल तयार ठेवला होता. 'नुकसानीचे कारण' — तिथे लिहिलं, 'बर्फात ठेवल्याने आत ओल गेली'.

तोंडानेही तेच सांगितलं. अडखळले नाही! "लग्नं वाचवली. हळद नाही वाचली. बर्फ." लहू एकदम रडकुंडीला आला. सरूबाई स्टुलावर बसली. विचारलं, "म्हंजे माझ्यामुलं?"

मी म्हटलं, "हो."

अनंत फाइली लावत होता. एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काय आहे? म्हणाला, काही नाही. त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेला. नको तिथे शिष्टाचार.

कोणीतरी या लोकांना शिकवायलाच हवं होतं. पुढच्या वेळी तरी बर्फात ठेवणार नाहीत. आणि हळद आधी घेतली असती तरी हेड गेलेच नसते कशावरून?

नसतेच गेले. सव्वाशे लग्नं उतरेपर्यंत चालले होते. तेवढ्याच हळदी उतरल्या असत्या.

शनिवार, १८ जानेवारी

आज तीन डिस्का. तिन्ही मालक मूर्ख. एकावरही ओरडले नाही. दहाला फोन वाजला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

आज त्यांची सुनावणी. मला काय करायचंय.

बुधवार, २२ जानेवारी

लहू लग्नांची डिस्क न्यायला आला. मी विचारलं नव्हतं, तरी सांगत बसला.

साहेबाने विचारलं, वापरातली जागा आहे म्हणता, जुनं काही दाखवा. कोळीवाड्यातली चाळीस माणसं होती. सगळे लहूकडे बघायला लागले — डिस्क याच्याच हातून पडली. तर सरूबाई उभी राहिली. म्हणाली, पोराला बोल लावू नका. पुरावा होता, मी बर्फात ठेवला, मी नासवला. सगळ्या गावासमोर!

साहेबाने पंधरा दिवस दिलेत, दुसरं काही असलं तर आणा म्हणून. दुसरं आहे काय?

मासे सुकवणाऱ्या बायकांच्या संस्थेची सरूबाई अठरा वर्षं अध्यक्ष. काल संध्याकाळी काढून टाकली. तिची सख्खी जाऊ बाजारात तिच्या शेजारी बसत नाही. लहू म्हणाला, "ती काय बोलत पण नाय मॅडम. गपचूप बसते नि विकते."

जाताना मला म्हणाला, "तुम्ही तरी लग्नं वाचवलीत. थँक्यू."

थँक्यू! तो गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि रडले. अनंत समोर होता तरी. त्याने उदबत्ती लावायचं सोंग केलं.

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळपासून एक पत्र लिहिते आहे. सहा कागद फाडले. पहिल्यांदा लिहिलं, 'तांत्रिक कारणांमुळे'. फाडला. मग, 'क्रम ठरवताना झालेल्या गैरसमजामुळे'. कसला गैरसमज? रोज फोन करून सांगत होती. रुमालाने तबकडी पुसणाऱ्या त्या सेक्रेटरीला मी हसले. त्याने निदान स्वतःचीच डिस्क पुसली.

सातवा कागद ठेवला. बर्फाने काहीही झालेलं नाही. हळदीचे एकशे अठरा व्हिडिओ डिस्कवर होते. ही त्यांची नावं, ह्या तारखा, यादी सोबत जोडली आहे. आधी हळद काढा असं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. म्हणून गेले. खाली सही, शिक्का. साहेबापुढे ठेवता येईल. उपयोग होईल की नाही माहीत नाही. हे पत्र फिरलं तर माझ्याकडे उद्या कोणी डिस्क देणार नाही, ते मात्र माहीत आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

मालाडच्या बाजारात गेले. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

ती कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "ठाव हाय मना. तुज्या अनंतभाऊनं त्याच दिशी जिन्यान सांगितलं."

त्याच दिवशी! म्हणजे सुनावणीच्या पाच दिवस आधी. मी विचारलं, मग सगळ्यांपुढे बर्फाचं का सांगितलंत?

"तुजं नाव घेऊन हलद परत येनार व्हती? एकटी बाय धंदा करतंय. नाव गेलं का कोन उभं ऱ्हात नाय दारान. मना ठाव हाय ना."

मी पत्र पुढे केलं. तिने हात पुसले, कागद उलटसुलट बघितला आणि मला परत दिला. तिला वाचता येत नाही.

"आता आयलीस त वाच," म्हणाली. "मोठ्यानं वाच."

आजूबाजूच्या कोळणींनी कोयते थांबवले. मी वाचलं.