वरच्या आळीचं पाणी

वैशाखरे, ४ डिसेंबर २०२४
चि. अमोल,
अ. उ. आ. वि. वि.
आमी सगळी खुशाल. तू शहापुरात वेळेवर जेवतोस का, ते आधी कळव.
फोनवर आवाज तुटतो, म्हणून लिहिते. वरच्या आळीत नळाला धड पाणी येत नाय. शेवटच्या घरातल्या गिरजाकाकू या वयात विहिरीवर उतरतात. पाणी सोडतात तुझे दाजी, म्हणून बोलणी त्यांनाच. वरच्या आळीतला पंढरी म्हणतो, देवरामला, म्हणजे यांनाच, कामावरून काढा नि मोठी मोटर बसवा. वीस तारखेला ग्रामसभा हाय. यांना जेवण गोड लागत नाय. तू कारखान्यात यंत्रं सांभाळतोस, कायतरी सांग रे.
तुझी,
दामिनीताई

शहापूर, ९ डिसेंबर
ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
जेवतो गो वेळेवर, काळजी नको.
आधी बघ, टाकी रोज भरते का? भरत असेल तर मोटर तिचं काम करते. मोठी आणून टाकी लवकर भरेल, काकूंच्या नळाला थेंबही वाढणार नाय. पहिल्या वर्षी मी नुसत्या अंदाजानं धडधाकट यंत्र खोललं होतं. खोट दुसरीकडंच निघाली.
एकच हंडा घे. खालपासून वरपर्यंत प्रत्येक नळाला तो भरायला किती वेळ लागतो ते लिही. सरासरी काढू नको, त्यानं काकूंचा हंडा भरत नाय. वेळ जिथं एकदम वाढेल तिथं खणा. दाजींना सोबत ने. तपासायचंय पाइपाला, त्यांना नाय.

तुझा,
अमोल

वैशाखरे, २२ डिसेंबर
चि. अमोल,
अ. उ. आ. वि. वि.
टाकी काठोकाठ भरते. आमी दोघं हंडा घेऊन फिरलो, लोक हसले. मधल्या घरातल्या मंगळूच्या नळाला दीड मिनिट, पुढच्याच नळाला नऊ! तिथं यांना आठवलं. पावसाळ्यात पाइप फुटला तेव्हा धसईच्या बाजारात जाड मिळाला नव्हता; यांनी बारका तुकडा जोडला, नि बदलायचा राहून गेला.
मी म्हटलं, गुपचूप बदलू. हे नको म्हणाले. सभेत उभं राहून सगळं सांगितलं.  पंढरीनं जागा कुठली ते विचारलं. मग म्हणाला, उद्या खणायला मी येतो.
काल तुकडा बदलला. गिरजाकाकूंचा हंडा दोन मिनिटांत भरला. त्यांनी नळ बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. मग यांना म्हणाल्या, परसात वाल लावते, पयल्या शेंगा तुझ्या घरी.
आज हे दोन भाकऱ्या जास्त जेवले. सुट्टी मिळाली की ये, वाट बघते.
तुझी,
दामिनीताई