एकनाथराव वकील निवडून कसे आले, त्याचा खुलासा

मु. खारीवाडी, ता. पालघर
ज्येष्ठ वद्य, १९६७

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या मंजुळेचा नमस्कार पोचावा.

इकडे आम्ही सगळी सुखरूप आहोत. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढून झावळ्यांनी शाकारून झाल्या, त्यामुळे घरातले पुरुष दिवसभर घरातच असतात आणि चहा मागतात. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? मी पाठवलेले सुके बोंबील पोचले ना? (चाळीतल्या शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली तर त्यांनाही चार द्या, तोंड बंद होतं.)

तुमचं कार्ड मिळालं. दादा, रागवायचं तर पाकिटात रागवत जा हो! उघड्या कार्डावर तुम्ही आमच्या गावाला विकलं गेलेलं, नेभळट आणि शेणखाऊ म्हणालात, आणि आमचा पोस्टमन बोईसरहून इथपर्यंत सायकल मारतो तो फक्त कार्डं वाचायला मिळतात म्हणून. त्याने ते देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग माझ्या हातात दिलं. तेव्हा गावाच्या वतीने खुलासा करणं मला भागच आहे. आणि खरं सांगू? मी खुलासा करायला नव्हे, तुमचे आभार मानायला बसले आहे. जे काही चांगलं झालं ते तुमच्या त्या भाषणामुळे झालं. तुम्हाला वाटलं होतं तसं झालं नाही, एवढंच.

मागच्या शिमग्याचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्याच दिवशी आला होतात. हातभट्टी शोधायला आलेला तो फौजदार, त्याच्याभोवती ओरडणाऱ्या बायका, त्याची घाबरगुंडी आणि मग सुटलेली गोळी. ती लागली कोणाला, तर आमच्या बुधाला, मांडीत. (माझा दीर म्हणून म्हणत नाही, पण सबंध खारीवाडीत दारूचा वाससुद्धा न सहन होणारा तो एकटाच. गोळीसुद्धा माणूस बघून लागत नाही.) वर फौजदाराने लिहिलं की हा इसम हातात हत्यार घेऊन अंगावर धावून आला. म्हणजे गोळी बुधाला आणि दंगलीचा आरोपही बुधावरच! फौजदारावर खटला घालायचा की नाही हे ठरवायचं होतं सरकारी वकिलाने, आणि ते होते एकनाथराव. आम्ही बायका साक्ष द्यायला पालघरला गेलो, मासळीच्या टोपल्या बाहेर ठेवून. एकनाथरावांनी आमच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, या घरच्याच बायका, यांची साक्ष कोण धरणार म्हणाले आणि पुरावा अपुरा म्हणून फौजदारावरचं प्रकरण मिटवून टाकलं. फौजदाराची बदली झाली. बुधाची मात्र दातिवऱ्याला ठरलेली सोयरीक अडकली. मुलीचा बाप म्हणतो, डोक्यावरचा आरोप उतरव आणि मग ये. मुलगी थांबली आहे हो, पण मुली किती थांबतात आणि बाप किती थांबू देतात!

आणि यंदा तेच एकनाथराव नोकरी सोडून जिल्हा परिषदेला उभे राहिले. निशाणी छत्री. बोईसरहून कर्णा लावलेली जीप आली, त्यात बोलायला तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावरचा कुणी पोरगा बसवलेला, तो "मच्छीवाली बहनो, छाता आपका, आप छाते के" असं हिंदीत ओरडत फिरला. (इथे दसऱ्यापासून कोणी छत्री उघडली नव्हती. ऊन एवढं होतं की कावळेसुद्धा मुकाट्याने बसले होते.) त्यांच्याविरुद्ध आपला कमलाकांत, मासळी सोसायटीचा चेअरमन, निशाणी होडी. सगळ्या गावाने ठरवलं की बस्स, याला पाडायचा. आणि तुम्ही मुद्दाम मुंबईहून येऊन देवळासमोर ते भाषण केलंत. काय बोललात दादा! मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. "या माणसाचा निवाडा कोर्टात झाला नाही, तो तुम्ही पेटीपाशी करा! घराघरातून या, एकही घर मागे राहता कामा नये! आणि शिक्का असा मारा की त्याला जन्मभर आठवण राहील!" म्हातारी इंदुबाई (कमलाकांतची आई) पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. तुम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने गेलात आणि आम्ही सगळी निर्धास्त झोपलो.

आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. तुम्ही पाहुणे, तुम्हाला आमच्या वाडीची रीत माहीत असायचं कारण नाही, आणि मला माहीत असूनही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आमच्याकडे कोणाचं भांडण झालं की पंच दोघांनाही देवळासमोर बसवतात. मग घरटी एकेकाने उठायचं आणि ज्याची चूक आहे त्याच्यापुढे एक शिंपला ठेवायचा. शिवी नाही, भाषण नाही, ठेवायचा आणि येऊन बसायचं. ज्याच्यापुढे ढीग मोठा तो दोषी. तुम्ही सांगितलंत निवाडा करा, घराघरातून या, शिक्का मारा. मग जुन्या माणसांनी शिक्का कोणावर मारायचा? जो दोषी त्याच्यावर! निर्दोष माणसाच्या निशाणीवर शिक्का मारायला ती काय वेडी आहेत?

मी मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत कमलाकांतच्या बाजूने बसले होते, नावं सांगायला. बाया नटूनथटून, डोक्यात अबोलीचे वळेसर घालून आल्या. इंदुबाईने आतमध्ये शिक्का असा हाणला की आडोशाला लावलेलं गोणपाट खाली आलं. मास्तर ओरडले, "अहो आजी, हळू!" त्यावर ती म्हणाली, "हळू कशाला? त्यानं आमच्या बुधावर दया केली काय?" मला वाटलं, आहा, काय जागृती झाली आहे! दादांना कळवायला हवं! मी तिला बाहेर आल्यावर चहासुद्धा पाजला.

पालघरला मोजणी झाली. आमच्या खारीवाडीच्या पेटीतून नुसत्या छत्र्याच निघाल्या. बेटेगावकडची मतं कमलाकांतला होती, मासवणकडचीही बरीच होती, आणि त्याला पाडलं ते त्याच्या स्वतःच्या गावाने. तो घरी आला तर इंदुबाई दारात ओवाळायला उभी. "आई, तू कोणाला मत दिलंस?" त्याने विचारलं. "तुझ्या होडीला बोटसुद्धा लावलं नाय रे पोरा," ती म्हणाली, "तुझी काय चूक, तुझ्यावर शिक्का कशाला मारू? आमी सगळ्या बायांनी ठरवलं, कमलाकांतला डाग लागता नये." तो बिचारा होडीखाली जाऊन निजला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उठला नाही. मी मात्र रडले हो. बुधाच्या समोर रडले. तो म्हणाला, "जाऊ दे वयनी, शिक्का मन लावून तरी मारला हाय."

दुसऱ्या दिवशी एकनाथराव आले. जीप, हार, गुलाल, तो हिंदी बोलणारा पोरगा, सगळं घेऊन. आणि दादा, ओट्यावर उभं राहिल्यावर त्या माणसाने आधी हातच जोडले. म्हणाले, "ज्या गावावर मी अन्याय केला असं लोक म्हणतात, त्या गावाने मला इतक्या मोठ्या मनाने..." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. कमलाकांत तर खांबाआड गेला. पण इंदुबाईला कुठे राहवतंय! ती उठली, सरळ त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, "आभार कसले मानतोस बाबा? आमी तुला दोषी ठरवलाय. सगळ्या वाडीनं. एक घर नाय सुटला."

मग तिने त्यांना सगळी रीत समजावून सांगितली, अगदी बाळाला घास भरवावा तशी. आणि रीतीचा उरलेला भागही सांगितला, जो मी तुम्हाला अजून सांगितला नाही. दोषी ठरलेल्याला आमच्याकडे कोणी वाळीत टाकत नाही. ज्याचं त्याने नुकसान केलं त्याच्या घरी जाऊन, ते नुकसान भरून निघेपर्यंत त्याने राबायचं, बस्स. जाळी विणायची तर जाळी, पाणी भरायचं तर पाणी. "तुला जाळी काय येणार नाय," इंदुबाई म्हणाली, "तुला जे येतं ते कर. बुधाचं घर तिकडं हाय."

एकनाथराव शाकारलेल्या होडीला टेकून बसले ते बसलेच. गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता हा माणूस रागाने जीपमध्ये बसणार आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण ते उठले आणि खरंच बुधाच्या घराकडे, म्हणजे आमच्याच घराकडे, चालत गेले. मी मागून धावले, घरात साखर नव्हती म्हणून! बुधाची मांडी त्यांनी आपल्या हाताने चाचपून पाहिली. म्हणाले, "या बायकांची साक्ष मी न ऐकताच बाजूला सारली, ती चूक माझीच आहे." आणि दादा, तेव्हापासून तो माणूस आमच्यासाठी राबतो आहे. ठाण्याला कलेक्टरांकडे खेटे घालून त्यांनी चौकशी पुन्हा उघडायला लावली. इंदुबाईची, माझी, सगळ्यांची साक्ष आता घेणार आहेत. दर बाजाराच्या दिवशी ते येतात, ओट्यावर बसतात आणि काय काय झालं ते सांगतात. इंदुबाई त्यांना कोरा चहा देते आणि म्हणते, "अजून भरला नाय, चालू ठेव."

तेव्हा दादा, निवडणूक हरलो असं म्हणू नका. कमलाकांत निवडून आला असता तर एकनाथराव आज घरी आरामात पान चघळत बसले असते आणि कमलाकांतला कलेक्टरांच्या दारात कोणी उभं केलं नसतं. मी रोज देवाजवळ दिवा लावताना तुमचं नाव घेते. तुम्ही ते भाषण केलं नसतं तर म्हाताऱ्या मतालाच आल्या नसत्या. तुमचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

तुमची धाकटी बहीण,
मंजुळा

ता. क. कमलाकांत आता आईशी बोलू लागला आहे. पुढच्या खेपेस मी तिला स्वतः शिकवणार आहे, पण ती म्हणते, कोणी चूक केल्याशिवाय शिक्का मारायची सवय बरी नव्हे.

ता. क. दुसरी. वहिनींना हे पत्र वाचायला देऊ नका, निदान इथून पुढचं तरी. एकनाथरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं की गावाबाहेरचा, नोकरदार, कोणी तिऱ्हाईत माणूस त्या दिवशी तिथे होता का, कारण बुधाच्या हातात नक्की काय होतं एवढ्यावरच सगळं अडलं आहे. मागच्या वेळीही त्यांनी हेच विचारलं होतं आणि कोणी पुढे आलं नव्हतं, तेवढं त्यांचं खोटं नव्हतं. मी गप्प राहिले, कारण आधी तुम्हाला विचारायचं होतं. दादा, त्याच्या खांद्यावर हत्यार नव्हतं. तुमची वळकटी होती. स्टँडवरून तुम्हाला घेऊन येत होता तो. मी परवा पहिल्यांदा त्याला विचारलं, अरे, तू ओरडून सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगितलं वयनी. पण पाव्हणं तवर कुंपणाच्या मागं गेलं व्हतं." मला तुमचा राग नाही. गोळी सुटल्यावर कोणीही कुंपणामागे जाईल. दुसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून मुंबईला गेलात, तेही समजतं. पण आता या. भाषण नको. उभं राहून एवढंच सांगा, की वळकटी माझी होती.

ता. क. तिसरी. साक्षीची तारीख कळली की कळवते. मी म्हटलं, स्टँडवर दादांना घ्यायला मी जाते, पण बुधा ऐकत नाही, तोच येणार म्हणतो. लंगडतो अजून. तेव्हा या वेळी सामान जरा हलकं आणा.