समीरच्या खुब्यातली सूज

१३ जून, शुक्र.
जुम्मा. हे मशिदीतून आले. जेवताना म्हणाले, "आपला समीर मागं खुर्चीवर बसून नमाज पढला. म्हाताऱ्यांत." कुणीतरी त्याला म्हणे, "या चाचा, सरकू का?" सगळे हसले, हासुद्धा. सव्वीस वर्षांचं पोर! विचारलं तर, "कंपनीतल्या सेफ्टी शूजनं पाय आखडतो, अम्मी."

१५ जून, रवि.
सुट्टी, म्हणून त्याला उठूच दिलं नाही. जांघेत तेल रगडलं, विटेनं शेकलं. संध्याकाळी पाय खाटेवरून खाली येईना. एरवी चालून चालून मोकळा होतो म्हणे. पडून राहिल्यानं वाढणारं दुखणं मी तरी पाहिलं नव्हतं.

१८ जून, बुध.
पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण समजावून सांगतात. खुब्याच्या सांध्यात सूज. म्हटलं, वरून तर काही दिसत नाही. "आत आहे, मावशी. शरीर आपल्याच सांध्यावर उठलंय. दुखायचं थांबलं म्हणजे सूज गेली असं नाही. राहिली तर सांधा खाते, मग बदलावाच लागतो." गोळ्या रोज, व्यायाम, महिन्यानं परत. रगडायचं नाही.
रिक्षात समीर बोलला. वर्षभर हेच, दुखलं की चाकणला कंपनीजवळच्या डॉक्टरकडून दुखणं दाबायची सुई टोचून घ्यायची न् लाइनवर उभं राहायचं. या अल्लाह.

२४ जून, मंगळ.
उद्या कंपनीचं मेडिकल. पास झाला तर परमनंट. म्हटलं, खरं सांग त्यांना. "सांगितलं की कंत्राटातूनही गेलो, अम्मी. उकिडवं बसवतात तिथं. सुई घेऊनच जाणार." ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे.

२५ जून, बुध.
पास. पाव किलो पेढे आण म्हटलं होतं, अर्धा आणला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आता सून आणा, भाभी!" हसले. पेढा तोंडात फिरतच राहिला. या वहीत रोजचा घरखर्च लिहिते, तोही लिहिला नाही आज.

१८ जुलै, शुक्र.
दवाखान्याची तारीख आज. गेला नाही. "नव्या माणसाला रजा मागता येते का? आणि आता दुखतच नाही, अम्मी." म्हणजे सुई चालूच. गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच. हे म्हणतात, मोठा झालाय तो, बांधून नेणार का?
नमाजनंतर दुवेला हात उचलले. दुखू नये म्हणावं, तर तो डॉक्टरकडे फिरकणार नाही न् आत सूज खात राहील. दुखू दे म्हणावं, तर…