निळ्या पट्टीची बंदूक

तैपेई,
२१ मार्च

प्रिय बाबा,

जेवलात का? फोनवर तुम्ही मला एवढंच विचारता आणि मी "हो" म्हटलं की ठेवून देता, म्हणून या वेळी आधी मीच विचारून घेते. गुडघा कसा आहे? आत्याला म्हणावं, अननसाचं लोणचं पोचलं आणि निम्मं संपलंही. इथे आठवडाभर पाऊस आहे, कपडे वाळत नाहीत. मी बरी आहे.

म्हणजे बरी आहे की नाही, ते मलाच कळेनासं झालंय. आमचा खेळ बाहेर पडून तीन आठवडे झाले. नवीन वर्षाच्या जेवणाला तुम्ही विचारलंत, "सध्या काय बनवतेस?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवरचा खेळ, कोडी सोडवायची असतात." तुम्ही माशाचा तुकडा माझ्या वाडग्यात टाकलात आणि विषय संपला. मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. तो बंदुकीचा खेळ आहे, बाबा. फुगे फोडायचे.

मी आणि त्झू-यान, आम्ही दोघींनीच चार वर्षं खपून तो केला. सहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक बंदूक आणि दहा छर्रे. नेम धरावा तिथे छर्रा जात नाही. एक बंदूक वर मारते, एक उजवीकडे ओढते. कुठली कुठे आणि किती, हे ओळखून, पत्र्यावर छर्रा आपटवून आडोशामागचे फुगे फोडायचे. सगळा पडदा काळा, फुगे गुलाबी, आणि बंदुकांच्या दस्त्यांना रंगीत चिकटपट्ट्या. लाल, पिवळी, हिरवी, पांढरी, जांभळी आणि निळी. इथवर वाचून पत्र खाली ठेवलं असेल, तर कृपा करून पुन्हा उचला.

लोकांनी काय काय लिहिलंय! तोक्योच्या एका मासिकाने दहापैकी नऊ दिले आणि लिहिलं, "इतका देखणा खेळ वर्षभरात पाहिला नाही." सोलच्या एका बाईंनी चार दिले. त्यांच्या मते देखणेपणाच्या नावाखाली आम्ही बिघडलेला माल विकतोय. एकाला वाकडी नळी म्हणजे राजकारण वाटलं, दुसऱ्याला मोडलेलं प्रेम. एकाने तर मी लहानपणी कुठल्या आजारातून उठले असणार, असंही शोधून काढलं. त्झू-यान रोज सकाळी मला वाचून दाखवते आणि विचारते, "मग? यातलं नेमकं तू काय केलंस?" मी म्हणते, "मला काय विचारतेस, मी फक्त बनवलाय."

सगळ्यांची गाडी अडते ती शेवटच्या खोलीत. तिथे निळी बंदूक आहे आणि ती सरळ मारते. नेम धरा, फुगा फोडा, संपलं. नऊ देणारे म्हणतात, "ही केवढी शांत अखेर!" चार देणाऱ्या बाई म्हणतात, "इथे बनवणाऱ्यांचा दम संपला." मला दोन्ही पटतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं.

आता जे विचारायला पत्र लिहितेय ते. जिथे हा खेळ विकला जातो तिथे साधे खेळणारेही आपलं मत लिहितात. वर अंगठा किंवा खाली अंगठा, आणि शेजारी त्या माणसाने किती तास खेळला त्याचा आकडा. खेळ संपायला फार तर सहा तास लागतात. एकाने एकशे बारा तास खेळून अंगठा खाली केलाय. नाव लिहिलंय "तळलेलं रताळं". मजकूर एवढाच:

"तिसऱ्या खोलीतली हिरवी जास्त वर मारते, इतकी मारत नाही. बाकीच्या बरोबर. शेवटची सरळ आहे, हे चूक आहे. टोपी घातलेल्या गिऱ्हाइकाने काढून ठेवावी, नीट दिसतं."

त्झू-यान हसत सुटली. मी मात्र चार दिवस तेवढंच वाचतेय. रात्रबाजारात आपल्या फुगे फोडायच्या स्टॉलशेजारी तळलेल्या रताळ्याच्या गोळ्यांचा स्टॉल आत्याचा होता. पण आत्याने उभ्या जन्मात बंदूक हातात धरली नाही. आणि "टोपी काढा, नीट दिसतं" असं गिऱ्हाइकाला कोण सांगायचं, ते मला माहीत आहे. तुम्हीच आहात का ते? असाल तर एकशे बारा तास कशासाठी? आणि एवढे तास खेळून अंगठा खाली का? रागावलात? आणि शेवटची चूक कशी? निळी सरळच होती ना? मी मागे बसून तिनेच खेळायचे, माझा एक फुगा चुकायचा नाही. मला वाटायचं, तेवढी एक तुम्ही माझ्यासाठी सरळ ठेवलीय.

पुढच्या शुक्रवारी इथल्या एका वर्तमानपत्राची बाई मुलाखतीला येणार आहे. वाकड्या बंदुका सुचल्या कुठून, हे ती विचारणारच. आजवर मी सगळ्यांना "असंच सुचलं" म्हणत आले. खरं सांगायचं तर तुम्हाला विचारल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तुम्हाला विचारायचं तर आधी दुसरं एक सांगावं लागतं.

मी सतरा वर्षांची असताना तो व्हिडिओ फिरला होता, आठवतं? आपल्या बंदुकांतली कुठली कुठे वाकडी ते दाखवणारा. नुसता हात दिसत होता. मग पोरं फोन पुढे धरून यायला लागली. तुम्ही ओरडायचात, "बंदूक सरळच आहे, तुझा हात वाकडा आहे!" आणि ती तुमच्या तोंडावर हसायची, "काका, लबाडी पकडली!" म्हणायची. महिन्याभरात तुम्ही स्टॉल उतरवलात आणि पार्किंगच्या टपरीत बसायला लागलात. कोणी केलं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

तो हात माझा होता. वर्गातल्या मुलींना मी हुशार वाटावं, एवढंच कारण. बारा वर्षं प्रत्येक नवीन वर्षाला ठरवून येते आणि मासा खाऊन परत जाते. आता पुन्हा तेच केलं का मी, या वेळी साऱ्या जगासमोर? मला खरंच कळत नाही. तुम्ही नको म्हणालात तर शुक्रवारी एक शब्द बोलणार नाही.

छिंगमिंगच्या सणाला आजोबांची कबर झाडायला यायचंय. येऊ ना?

तुमची,
अ-शान


चिआयी,
२५ मार्च

अ-शान,

जेवलो. टर्कीभात. गुडघा आहे तसाच आहे.

खेळ मीच खेळलो. आत्याच्या कॉम्प्युटरवर, रात्री ती झोपली की पहाटेपर्यंत. पहिला आठवडा माऊस धरायलाच गेला, म्हणून तास जास्त दिसतात. अंगठा खाली का, हे काय विचारणं झालं? आपल्या पोरीचं कौतुक परक्यांसमोर आपणच करायचं का? घरच्या माणसाने नावंच ठेवायची असतात. तैपेईत राहून एवढंही विसरलीस. हिरवीचं मात्र खरंच दुरुस्त कर.

पेपरवालीला सांग. माझं नाव घातलंस तरी चालेल. बाजारात बंदूक वाकडी असते, हे येणाऱ्याला माहीत असतं, तरी तो येतो. त्या महिन्यात मला वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पोरं हसली म्हणून नाही.

निळी सरळ नव्हती. सहांत सगळ्यांत वाकडी तीच, चांगली दोन बोटं डावीकडे मारायची. गिऱ्हाइकाला देण्यासारखी नव्हती म्हणून मागे टाकली होती, आणि तू पाच वर्षांची असल्यापासून तीच घेऊन बसायचीस. तुझा हात तिच्यासारखा वळला. मीही कधी सांगितलं नाही, तू खुशीत असायचीस.

तो व्हिडिओ आत्याने मला पहिल्याच दिवशी दाखवला. पाच बंदुका बरोबर सांगितल्या होत्या आणि सहावी सरळ म्हटली होती. निळी सरळ आहे, असं साऱ्या चिआयीत एकाच माणसाला वाटायचं.

छिंगमिंगला आदल्या दिवशीच ये. बंदुका मी विकल्या नाहीत. निळी पुसून ठेवली आहे.

बाबा