मुंगीची बाटली

प्रिय दादा,

काल तू मुंगीला माझ्या दवाखान्यातून घेऊन गेलास, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बाहेर पेशंट ताटकळलेत, खुर्चीवरचा दिवा उगाच जळतोय आणि मी आत उठते, पुन्हा बसते, लिहिते, खोडते. फोन केला असता, पण दुधाचेच दात, पडायचेच आहेत, असं म्हणून तू ठेवून देशील. पडायचे आहेत रे, पण वेळ आल्यावर! तोवर पक्क्या दातांची जागा त्यांनीच धरून ठेवायची असते.

तिच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे पट्टे दिसतायत. ही किडीची सुरुवात. अजून भोक पडलेलं नाही, म्हणून माझा जीव जरा भांड्यात पडला. फ्लोराइडचा लेप लावलाय. पण रोज रात्री बाटलीतलं साखरेचं दूध तोंडात धरून ती झोपणार असेल, तर माझा लेप काय कपाळ करणार? ब्रश झाल्यावर फक्त पाणी. आणि ब्रश तू कर, तिच्या हातात देऊन मोकळा होऊ नकोस. चार वर्षांच्या पोरीला स्वतःचं नाक धड पुसता येत नाही, दाढा कुठून घासणार!

झाली सुरू भांडकुदळ, म्हणशील. लहानपणी गोळ्या मी चोरून खायचे आणि दात तुझे किडायचे, तेव्हापासून तुझा राग आहेच. पण बाटलीचा विषय निघाला की तू खिडकीबाहेर बघायला लागतोस, ते मला दिसतं. आजारपणातही वहिनी उठून ती स्वतः भरायची. दोन चमचे साखर, मग मनगटावर थेंब पाडून बघायची. ती गेल्यापासून तूही अगदी तस्संच करतोस. ते तुझ्याकडून काढून घ्यायला मलाही नको वाटतं.

पण काल तू खाली औषधाच्या दुकानात गेलास, तेव्हा मी मुंगीला विचारलं, बाटली सोडशील का? ती म्हणाली, मला नाहीच आवडत, गोड गोड लागते. मग पितेस कशाला गं? तर म्हणे, बाबाला भरायची असते ना. नाही प्यायले तर तो स्वयंपाकघरात जाऊन रडतो. दादा, हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून हे पत्र. आज रात्री बाटली भरू नकोस. रडू आलं तर तिच्याजवळ बसून रड.

तुझीच,
भांडकुदळ