पाच पाकळ्यांचं फूल

१ सप्टेंबर १९७४, रविवार

उंच टोपी! पुन्हा उंच टोपी! आज अभ्यासमंडळाच्या बैठकीत शरच्चंद्रांनी ती परदेशी पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. म्हणे, "भांडवलदार असाच काढा. जगभर असाच काढतात." सुटलेलं पोट, तोंडात सिगार, डोक्यावर नळकांड्यासारखी टोपी. अहो, सोलापुरात असा माणूस कुणी बघितलाय का? सात रस्त्याच्या चौकात असा कुणी उभा राहिला तर पोरं मागं लागतील, सर्कस आली म्हणून.

पण माझं ऐकतो कोण! ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, मी मुलींच्या शाळेत चित्रकला. म्हणून त्यांनी बोलायचं आणि मी स्लाइडच्या काचा रंगवायच्या. टॉकीजमधलं जुनं स्लाइडचं यंत्र मंडळातल्या गोपाळने दुरुस्त करून दिलंय. कामगारांना समाजवाद चित्रांतून समजावून सांगायचा, ही कल्पना मुळात कुणाची? माझी! वृत्तांतात मात्र "मंडळाने ठरवले".

रंगवली टोपी. नुसता संताप होत होता.

८ सप्टेंबर

पहिला खेळ झाला. आमच्याच गल्लीत, आणि कुठं — तर अण्णांच्या भिंतीवर! अण्णा म्हणजे मल्लप्पा, माझे घरमालक. खाली त्यांची चादरींची शेड, दिवसभर यंत्रमाग धडधडत असतात; वरच्या खोलीत भाड्याने मी. गल्लीत पांढरी भिंत तेवढी एकच. यंत्राची वायरही त्यांच्याच घरातून घेतली. भाषण मालकाविरुद्ध आणि करंट मालकाचा!

अण्णा स्वतः खुर्ची टाकून पुढे बसले. धोतर, कपाळाला भस्म, खांद्यावर टॉवेल. टोपीवाला भिंतीवर आला तसे खदाखदा हसले. "लई लबाड दिसतंय की हे बेणं!" सगळी गल्ली हसली. शरच्चंद्रांचं चालूच — अतिरिक्त मूल्य, उत्पादनसाधनांची मालकी. बाया मांडीवरची पोरं थोपटत बसल्या होत्या. शेवटी अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. म्हणाले, "असली माणसं तिकडं मुंबईला. आपल्यात सगळं घरच्यासारखं. व्हय का न्हाय?" त्यांचेच कामगार एका सुरात म्हणाले, "व्हय अण्णा."

शरच्चंद्र खूश! "प्रतिसाद उत्तम." कप्पाळ!

९ सप्टेंबर

राग जात नाही. माणूस दुष्ट असता तर सोपं होतं. मागे मला ताप आला तेव्हा अण्णांच्या बायकोने दोन्ही वेळ पेज वर आणून दिली होती. हे सगळं खरं आहे, म्हणूनच आणखी राग येतो.

१५ सप्टेंबर

वैरागहून आईचं पत्र. पुन्हा तेच स्थळ. उत्तर देत नाही जा.

२२ सप्टेंबर

संतापात लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

चादर धुवायला काढली. गेल्या दिवाळीला अण्णांनी दिलेली. दरवर्षी शेडमध्ये लक्ष्मीपूजन झालं की ते फोटोवाला बोलावून कामगारांना एकेक चादर भेट देतात. भाडेकरू म्हणून मलाही मिळाली होती. वर्षभर अंगावर घेतेय आणि चित्रकलेची बाई असून मला आज दिसलं! चादरीवरच्या फुलांना सहा पाकळ्या. पण काठाच्या ओळीतल्या प्रत्येक फुलाला पाचच. सहावीची जागा बोडकी.

कमलम्मा अंगणात कपडे पिळत होती. ती शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते, तिचा नवरा सिद्धप्पा तिथेच माग चालवतो. तिला म्हटलं, हे असं कसं गं?

"ही व्हय? आमच्या ह्यांच्याच मागावरची की ही." किती सहज म्हणाली! "नक्षी उठवणारा त्यो जकार्डचा पुठ्ठा फाटलाय. ह्यांनी किती येळा सांगितलं, अण्णा बदलून देत न्हाईत. कुणाच्याबी मागावर खोट निघाली की त्या चादरीची मजुरी न्हाय."

"मग त्या चादरी जातात कुठं?"

"ठेवत्यात बाजूला. दिवाळीला वाटत्यात की."

"म्हणजे तुमचीच मजुरी कापायची आणि तुमचीच चादर तुम्हाला भेट द्यायची? आणि तुम्ही हात जोडायचे?"

पिळा तिच्या हातातच राहिला. "असं कुटं बोलत असत्यात व्हय बाई," म्हणाली, आत गेली आणि दार लावून घेतलं. रागावली ती! अण्णांवर नाही, माझ्यावर! मी काय खोटं बोलले?

एवढे दिवस शरच्चंद्र जे फळ्यावर आकडे मांडून सांगतात, ते सगळं माझ्या अंथरुणावर पडलं होतं.

२३ सप्टेंबर

ती चादर अंगावर घेववत नाही. ट्रंकेवर घडी करून ठेवलीय.

६ ऑक्टोबर

नवी काच रंगवून बैठकीत नेली. एकच चित्र. धोतरातला, भस्म लावलेला मालक हसतमुखाने चादर देतोय. समोर विणकर हात जोडून उभा. चादर अर्धी उलगडलेली आणि काठाचं फूल अगदी मोठं — पाच पाकळ्यांचं. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

विणकर पाठमोरा आहे. त्याला कारण सिद्धप्पा. चित्राचं कळलं तसं परवा जिन्यात गाठून म्हणाला, "बाई, तुमी चित्र काढून वर जाशीला. आमाला खाली मागावर हुबं ऱ्हायचंय." चेहरा काढायचा नाही असं त्याला वचन दिलं.

शरच्चंद्रांनी काच उजेडाला धरली. "यात शोषण कुठंय? हे तर दानशूर मालकाचं चित्र झालं!"

म्हटलं, पाकळ्या मोजा.

"फुलाबिलांचा काय संबंध? बाई, हा भरतकामाचा वर्ग नाही."

भरतकामाचा वर्ग! मी काच उचलली आणि चालू लागले. आयुष्यभर चादर पांघरतात आणि ती विणतं कोण, कशी, हे बघायची गरज वाटत नाही यांना. गोपाळ मागोमाग आला. म्हणाला, "यंत्र माझ्या हातात असतं. टोपीवाल्याच्या नंतर घालू." त्याला दोनदा थँक्यू म्हटलं.

२० ऑक्टोबर

अण्णांच्या भिंतीवर पुन्हा खेळ. घातली काच. आणि काय झालं सांगू? काही नाही!

म्हणजे कुणी हसलं नाही. शरच्चंद्र माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी पुढे होऊन म्हटलं, "काठाचं फूल बघा, पाकळ्या मोजा, आणि ही चादर कुणी विणली ते आठवा." कमलम्माने मान खाली घातली. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरनं आवाज — "आरं, ह्यो तर मीच की!"

अण्णा उठून भिंतीपाशी गेले. स्वतःच्या चेहऱ्यावर हात फिरवला. डोळ्यांत पाणी! "बाई, झ्याक काढलंय. ह्याची मोठी पाटी करून द्या. शेडमधी लावतो. पूजेच्या आत द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

खोलीत आल्यावर ब्रश भिरकावून दिला. काय उपयोग या सगळ्याचा? मी त्यांना उघडं पाडायला गेले आणि त्यांचा सत्कार करून आले.

२१ ऑक्टोबर

सकाळी खाली माग सुरू झाले आणि एकदम सुचलं. देते ना! मागितलीय ना पाटी? चांगली दारभर मोठी देते. फुलासकट.

२७ ऑक्टोबर

पाटी रंगवतेय हे शरच्चंद्रांना कळलं. भर बैठकीत म्हणाले, "आपल्यातले काही जण मालकांच्या तसबिरी काढू लागलेत." मी म्हटलं, हो, काढतेय, आणि तुमच्या टोपीवाल्यापेक्षा जास्त लोक ती बघतील. मला मंडळातून तूर्त रजा देण्यात आली आहे. रजा! जसं काही पगारी होते.

३ नोव्हेंबर

पाटी लागली. मागांच्या बरोबर समोर. मान वर केली की फूल दिसतं. अण्णांनी तिला हार घातला. मला पेढे दिले. खाल्ले.

७ नोव्हेंबर

शाळेला निघताना शेडमधून अण्णांचा आवाज आला — "तिकडं काय बघतोस सारखं? धागा तुटलाय बघ!"

९ नोव्हेंबर

कमलम्मा आपणहून वर आली. म्हणाली, "बाई, ती चादर दावा की." ट्रंकेवरची काढून दिली. काठावरनं बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "अशा किती वाटल्या असतील वो." चहा घेतला, गेली. मी भाषण दिलं नाही — जन्मात पहिल्यांदा!

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

शेडमध्ये पूजा झाली. सतरंजीवर चादरींचा ढीग, फोटोवाला तयार. अण्णांनी पहिलं नाव सिद्धप्पाचं घेतलं. तो पुढे आला. फोटोवाला म्हणाला, हात जोडा. सिद्धप्पाने हात जोडले नाहीत. चादर उलगडली, काठ धरून बघितला, नीट घडी घातली आणि ढिगावर परत ठेवली.

"चादर ऱ्हाऊ द्या अण्णा. आमची मजुरी द्या. आन् त्यो पुठ्ठा बदला."

आवाज कापत होता त्याचा. आता याला हाकलतात, आणि ते माझ्यामुळे! पण लगेच कमलम्मा नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. अण्णांनी दुसरं नाव घेतलं. कुणी हललं नाही. तिसरं घेतलं. कुणी नाही. अण्णा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकालाही हाकलता येईना, कारण सगळेच तसे उभे.

फोटोवाला कॅमेरा मिटून गेला.

१४ नोव्हेंबर

भल्या सकाळी अण्णा जिना चढून आले. मला वाटलं, खोली खाली करायला सांगणार. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. टॉवेलने कपाळ पुसत म्हणाले, "बाई, तेवढी पाटी उतरवून घ्या. सगळी आदी तिच्याकडं बघत्यात, मग माझ्याकडं." दोन पायऱ्या उतरून वळले. "त्यो टोपीवाला असंल तर द्या. त्याला लावतो."